दोन काड्या

पुट्टी खरवडली आणि तिच्यामागून काडी निघाली. काडेपेटीतली काडी, निम्मी मोडलेली, गुलाचं टोक काढून टाकलेली, काळी ठिक्कर पडलेली. तिच्याशेजारी तसलीच दुसरी. टोच्याने दोन्ही काढून मी टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या. भीती वाटली नाही. राग आला. एवढा की टोचा खाली ठेवून टेबलाची कड धरावी लागली. मागे साहेब उभे होते आणि त्यांच्या मागे फोटो काढणारा कारकून. साहेबांनी विचारलं, काय आहे ते. मी म्हटलं, काडी. पाइपाच्या भोकात कुणीतरी काड्या घालून वरून पुट्टी भरली आहे. गेल्या एकोणीस वर्षांत साहेबांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी कारकुनाला काड्यांचे चार बाजूंनी फोटो काढायला लावले आणि माझ्यासाठी चहा मागवला. दोन दिवस त्याच माणसाने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, कारण अपघातातल्या पाइपाच्या पट्टीवर माझा शिक्का होता. तपासनीस सात. नऊ वर्षांपूर्वीचा.

आमच्या कारखान्यात लोखंडी पाइपांना आतून पीटीएफईचं अस्तर घालतात. न चिकटणाऱ्या तव्यावर जो मुलामा असतो त्याच जातीचं हे पांढरं, गुळगुळीत प्लास्टिक. लोखंडाची चाळण करणारं आम्ल त्यातून वर्षानुवर्षं वाहतं आणि त्याला ओरखडा उठत नाही. अस्तर घातलं की मी पाइपाच्या आतून पंधरा हजार व्होल्टचा ब्रश फिरवते. सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी तिथून ठिणगी उडते, तडतड आवाज येतो, आणि पाइप बाद. आवाज आला नाही की शिक्का. पण अस्तर कितीही चोख असलं तरी गरम आम्लाची वाफ त्यातून थोडी थोडी झिरपतेच. हे कुणाच्या बापाला चुकलेलं नाही. म्हणून बाहेरच्या लोखंडाला आम्ही मुद्दाम भोकं पाडतो, मुगाच्या दाण्याएवढी, पाइपाच्या दोन्ही टोकांजवळ. वाफ तिथून निघून जाते. उद्या अस्तर फाटलंच तर पहिला थेंब त्या भोकातून गळतो आणि खालून जाणाऱ्याला कळतं. ती बुजवली तर वाफ अस्तर आणि लोखंड यांच्यामध्ये कोंडते, लोखंड आतून खाते, आणि लाइन रिकामी करून धुतली तरी तिथेच दबा धरून बसते. सोमवारी सकाळी पलीकडच्या रसायनाच्या कारखान्यात एका फिटरने धुतलेल्या, रिकाम्या लाइनचे बोल्ट सैल केले. कोंडलेलं सगळं त्याच्या तोंडावर आलं.

त्या फिटरला सगळे शिट्टी म्हणतात. काम करताना सारखी शिट्टी वाजवायचा म्हणून. आमचे पाइप बसवायला तोच असायचा. पाइप गाडीतून उतरवताना तो मला म्हणायचा, ताई, तुमचा शिक्का बघूनच घेतो हां, बाकीच्यांचा भरवसा नाही. काल मी त्याला पाहायला गेले होते. डावा डोळा गेला. गळ्यापासून कानापर्यंत पट्ट्या. त्याची बायको मला ओळखत नव्हती. तिने विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, ह्यांच्या कामावरच्या. तपासनीस सात म्हणायची छाती झाली नाही. शिट्टीने उजव्या डोळ्याने मला ओळखलं आणि ओठांचा चंबू केला. त्यातून नुसती हवा आली. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा मी बाहेर निघून आले. जिन्यात उभी राहून मला एकच कळत होतं, की ज्याने हे केलं त्याला मी उभा सोलणार आहे. तो कोण हे मला ठाऊक नव्हतं आणि तो मीच नसेन याचीही खात्री नव्हती.

आता ठाऊक होतं. भोकात आधी दोन अर्ध्या काड्या शेजारी शेजारी घालायच्या, म्हणजे पुट्टी आत घसरत नाही आणि वर्षभराने खड्डा पडत नाही, मग अंगठ्याने पुट्टी दाबायची, वाळू द्यायची, घासायची, वर रंगाचे दोन हात मारायचे. असं करणारा एकच रंगारी मला माहीत आहे. इतर रंगारी पुट्टीही भरत नाहीत, भोकावरून ब्रश फिरवतात आणि विडी ओढायला खाली उतरतात. त्या रंगातून वाफ आपली वाट काढते, फोड येतो, फुटतो, भागतं. कामचुकार माणसाच्या हातून हे झालंच नसतं. आमच्या घरातल्या प्रत्येक बुजवलेल्या भोकात दोन काड्या आहेत. लहानपणी त्या मोडून द्यायचं काम माझं होतं. गूल काढ, म्हणायचे अप्पा, गुलाने पिवळा डाग येतो. दुकानात, लग्नघरात, कुठेही गेले तरी माझ्या बापाची नजर आधी भिंतीवर जायची. अंगठा पुढे यायचा आणि भेग, भोक, टवका चाचपून बघायचा. त्या अंगठ्याचं नख चपटं झालं आहे. लोक म्हणायचे, असा हात पुन्हा होणे नाही. मीही अभिमानाने सांगायचे. पुढे सांगेनाशी झाले.

आम्ही बाप-लेक अकरा वर्षं एका घरात राहतो आणि कामापुरतं बोलतो. गॅस संपलाय. वरचं दार ओढून घे. तुमच्या गोळ्या आणल्यात. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. आमचं भांडण झालंच नाही. आई गेली आणि तिच्या मागे आठच दिवसांनी मी कामावरून आले तर स्वयंपाकघरातल्या दाराशेजारचा खिळा नव्हता. त्या खिळ्याला आईची कापडी पिशवी असायची. बाजारातून आली की तिथे अडकवायची आणि मग पदराने तोंड पुसायची. पिशवी अप्पांनी घडी घालून कपाटात ठेवली होती, खिळा उपटला होता, भोक बुजवलं होतं आणि अख्ख्या भिंतीला रंग दिला होता, ठिगळ दिसू नये म्हणून. मी त्या भिंतीवर हात फिरवला. कुठे होता ते मला सापडेना. तीस वर्षं ज्या खिळ्याकडे न बघता मी बघत होते तो माझ्या खांद्याच्या वर होता की खाली हेसुद्धा आठवेना. अप्पा ब्रश धूत होते. म्हणाले, भिंतीला खिळा बरा दिसत नाही. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून बोलले नाही. एखाद्या खिळ्यावरून माणूस इतका राग धरतो का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, धरतो. खिळ्यावरूनच धरतो. मोठ्या गोष्टींवरचा राग चार माणसं येऊन समजूत काढतात आणि जातो.

साहेबांनी चहा संपवून कामाचं काढलं. अहवाल आजच लिहा. एका पाइपापुरता. भोक बुजवलं गेल्यामुळे पाइप निकामी झाला, चूक रंगाऱ्याची, अस्तर निर्दोष. पलीकडच्या कारखान्याला गुरुवारी लाइन चालू करायची आहे. मी म्हटलं, रंगाऱ्याने एकच भोक भरून बाकीची सोडली असतील का. साहेब म्हणाले, बाकीची दिसतायत कुठे? सात हात रंग आहे वर. आणि आपल्या नकाशात जागा दाखवल्या असल्या तरी पाइप बसवताना कसाही फिरवून बसवतात. सगळा रंग खरवडायचा तर महिनाभर कारखाना बंद. जे दिसत नाही त्याचं तुम्ही काय लिहिणार आहात? मी म्हटलं, तो रंगारी शोधायला हवा. साहेब हसले. ठेकेदाराची माणसं, आज इथे, उद्या तिथे. त्याचं नाव कुठल्या कागदावर आहे का? नव्हतं. म्हणजे मी गप्प बसले असते तर या काड्या कुणाच्या हे जगात कुणालाच कळलं नसतं. ठेकेदाराने कानावर हात ठेवले असते, साहेबांनी हात झटकले असते, आणि गुरुवारी दुसरा एखादा फिटर सकाळचा डबा ठेवून बोल्ट सैल करायला गेला असता. पाइपांबरोबर आम्ही एक माहितीपुस्तिका देतो. तिच्या चौदाव्या पानावर तांबड्या अक्षरांत लिहिलंय, भोकं बुजवू नयेत, रंगवू नयेत. ते वाक्य माझं आहे. तांबड्या शाईसाठी मी साहेबांशी वाद घातला होता. पुस्तिका कपाटात राहते. परांचीवर कपाट नसतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी, ते मला त्या दुपारी कळलं, कारण चौदावं पान लिहिणारी बाई आणि काड्या भरणारा माणूस रोज संध्याकाळी एकाच ओट्याजवळ एकाच पातेल्यातलं जेवत होते.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. चार वर्षांपूर्वी पाइपांची नेहमीची पाहणी करायला मी त्या कारखान्यात गेले होते. दुसऱ्या लाइनखालून चालत होते. वर परांचीवर अप्पा होते. टोपीवरून ओळखलं. त्यांनीही मला पाहिलं, हे मला वर न बघताही कळलं, कारण लोखंडावरचा घासायचा आवाज थांबला. बरोबर तिथले दोन अभियंते होते. त्यांना मी सांगू शकले असते, हे माझे वडील. वर बघून म्हणू शकले असते, जेवलात का. मी मान खाली घातली आणि हातातल्या यादीवर खूण केली. कसली खूण केली तेही आठवतं. रंगकाम चालू, समाधानकारक. पाच पावलांनी आवाज पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ते खिडकीशी बसून काडेपेटीतल्या जळक्या काड्या निवडत होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी काड्या टाकून देत नाहीत. मी हातपाय न धुता ताटं घेतली. वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी कागदाची पुडी उघडून दोन काळ्या काड्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आतून बरं वाटलं. अकरा वर्षं मी काहीतरी ठेवायला जागा शोधत होते.

त्यांनी काड्या पाहिल्या. अंगठ्याने एक फिरवून पाहिली. कुठल्या, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. भोक कशासाठी असतं, वाफ, कोंडणं, बोल्ट, शिट्टीचा डोळा. एका दमात, त्यांच्या तोंडाकडे न बघता, अहवाल वाचावा तसं. शेवटी थांबले तेव्हा खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी तीच तीच धून वाजवत होती.

"रंग सुटला होता का?" अप्पांनी विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नाही, सुटला नव्हता. चार वर्षं टिकला. फार सुंदर काम. एका माणसाचा डोळा गेलाय, अप्पा."

"ऐकलं मी." त्यांनी ताट सरकवलं. "मला वाटलं, बनवणाऱ्याने वेडीवाकडी भोकं पाडून ठेवलीत. लोखंडात पाणी जाईल, गंजेल. म्हणून भरली. आमच्यातला एक म्हणाला होता, कशाला मरतोस, पैसे तेवढेच मिळणार. मला कुणी सांगितलं नाही गं, की ती मुद्दाम असतात."

"भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच येतं तुम्हाला. ते कशासाठी आहे, कुणाचं आहे, विचारायचं नाही. घरात तेच, बाहेर तेच. आईचा खिळा..." माझा आवाज चिरकला आणि त्याचाही मला राग आला.

"तुला माहीत होतं," अप्पा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचाही आवाज चढला. माझ्या बापाचा चढलेला आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. "भोकं कशाची ते तुला माहीत होतं. त्या दिवशी खालून गेलीस. मान खाली घालून. मी भोकंच भरत होतो तेव्हा. म्हटलं, पोरगी वर बघेल, काम बघेल. तिच्याच कारखान्याचे पाइप, तेवढं तरी बघेल."

गाडीची धून थांबली होती. मी एकही घास घेतला नव्हता. त्यांना काय उत्तर द्यायचं याची वाक्यं माझ्याकडे अकरा वर्षांची साठलेली होती, तयार, धार लावलेली, आणि त्यातलं एकही याला लागू पडेना.

"रिकामा खिळा बघवत नव्हता मला," ते म्हणाले. "आत यायचो तर आधी तोच दिसायचा."

"मग हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस?"

खरं तर इथे रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट वाटलं, उठून ती भिंत खणून काढावी. दोघांचाही राग आला, आणि मेलेल्या आईचाही, की तिने आम्हाला एकमेकांशी बोलायला न शिकवता सगळे निरोप स्वतःच इकडून तिकडे पोचवले आणि मग निघून गेली. अप्पा उठले, हात धुऊन आले, चष्मा लावला. म्हणाले, वही आण. मी आणली. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. दुसरी लाइन, जिन्यापासून धरायचं. पहिला पाइप, खालच्या अंगाला, जोडापासून चार बोटं. दुसऱ्याची वरच्या अंगाला, तिथे माझा हात पुरेना म्हणून शिडी लावली होती. तिसऱ्याला तीनच सापडली, चौथं जोडाखाली गेलं असणार. मी लिहीत गेले. मध्येच ते म्हणायचे, हे खोड, हा पाइप मी नाही केला, दुसऱ्याने केला, त्याने नुसता वरून रंग फासला. चार लाइनी, एकशे अडतीस भोकं. मला एकदा वाटलं, मग आईच्या खिळ्याची जागाही यांना माहीत असणार. विचारलं नाही. आधी हे.

मग मी साहेबांना न विचारता थेट त्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन केला. सांगितलं की लाइन चालू करू नका, भोकं बुजवणारा माणूस माझ्याकडे आहे, तो जागा दाखवील. त्याने विचारलं, कोण आहे तो. मी म्हटलं, माझे वडील. हे दोन शब्द चार वर्षं उशिरा निघाले. त्यानंतर साहेबांचा दोनदा फोन आला. वाजू दिला.

सकाळी आम्ही परांचीवर चढलो. मी पुढे, अप्पा मागे. गुडघे दुखतात पण चढण्याची त्यांची ढब गेलेली नाही. दोघांनाही तोंडावर काचेचा पडदा, अंगात जाड एप्रन, हातात कोपरापर्यंत हातमोजे. खाली सुरक्षा अधिकारी आणि तिथली चार माणसं वर बघत उभी. लाइन रिकामी होती, धुतलेली होती, सोमवारी होती तशीच. पाइप करडे, तुकतुकीत, कुठेही काही नाही. मी टोचा घेऊन उभी राहिले. मलाही काही दिसत नव्हतं. अप्पांनी हातमोज्याच्या बोटाने पाइप चाचपला, मान हलवली, आणि उजवा हातमोजा काढला. मी म्हटलं, घाला तो. ते म्हणाले, यातून कळत नाही. त्यांचा चपटा अंगठा त्या रंगावरून सावकाश गेला, थोडा मागे आला आणि थांबला. "इथं." मी त्यांचा हात बाजूला करून टोचा लावला. रंग, पुट्टी, काडी, काडी. काही झालं नाही. दुसरं भोक, काही नाही. तिसऱ्यातून बारीक फुसकारा निघाला आणि नाकात झोंबलं. खालची माणसं दोन पावलं मागे सरली. सुरक्षा अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. अप्पा त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. पडद्याआडून त्यांचं तोंड मला नीट दिसत नव्हतं.

चौथ्यातून दुसरी काडी निघाली तशी तिच्यामागे थेंब आला. पिवळट, जाडसर. भोकाच्या कडेला धरून राहिला, फुगला, पडला, आणि लगेच त्या जागी दुसरा. शिट्टीच्या पाइपासारखाच हाही आतून खाल्लेला होता. उद्या कुणीतरी याचे बोल्ट सोडणार होतं. हे सगळं माझ्या मनात येईपर्यंत शेजारून अप्पांचा अंगठा निघालाही होता. उघडा, सरळ, त्या भोकाकडे. पन्नास वर्षं जे केलं तेच करायला.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. जाड हातमोज्याचा, सगळ्या ताकदीनिशी. हात परांचीच्या नळीवर आदळला. खाली कुणीतरी ओरडलं. अप्पा हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. मनगटावर लाल वळ उठत होता. आई गेल्यापासून आमचा हाताला हात लागला नव्हता.

"गळू दे," मी म्हटलं. माझा आवाज जेवणाच्या वेळी होता तेवढाच चिडका होता. "अप्पा, गळू दे ते."

त्यांनी मान हलवली. थेंब पडत होते. खालच्या माणसांनी प्लास्टिकचं घमेलं आणून ठेवलं आणि त्यात ते टपटप वाजायला लागले. अप्पांनी वळ पडलेला हात एप्रनला पुसला, हातमोजा खिशात कोंबला आणि ते माझ्या पुढे होऊन पुढच्या पाइपाशी गेले. अंगठा टेकवला.

"इथं," म्हणाले. आणि या वेळी मी सांगायच्या आत त्यांनी हात मागे घेतला.